लांछनातील अश्व आणि दारातील घोडा

तृतीय तीर्थंकर भगवान संभवनाथांच्या मूर्तीसमोर आपण वंदनासाठी उभे राहतो, तेव्हा आसनावर कोरलेल्या लहानशा अश्वाकडे दृष्टी गेल्याशिवाय राहत नाही. जिनमूर्तींची ओळख लांछनावरून पटते आणि श्रावस्तीच्या या जिनेश्वरांची ओळख अश्वाने सांगितली आहे. चक्रवर्तीच्या चौदा रत्नांतही अश्वरत्नाला स्थान आहे. उत्तराध्ययन सूत्रातील केशी श्रमण आणि गौतमस्वामी यांच्या प्रसिद्ध संवादात गौतमस्वामी मनाला उधळलेल्या घोड्याची उपमा देतात आणि त्याला आवरणारा लगाम श्रुतज्ञानाचा आहे, असे सांगतात. धर्मशिक्षणाने हेच मन जातिवंत घोड्यासारखे वश होते, असाही त्या उपमेचा आशय आहे.

हा झाला आगमातील आणि मंदिरातील अश्व. दुसरा घोडा लग्नसराईत आपल्या दाराशी येतो. मारवाडी कुटुंबांत वराने घोडीवर बसण्याचा विधी आहे. गुजराती बांधवांत मिरवणुकीलाच वरघोडा म्हणतात. दीक्षार्थींची बिनोली असो, रथयात्रा असो वा पंचकल्याणकाची शोभायात्रा असो, पुढे सजवलेले घोडे हवेतच. त्यांची झूल, कलगी आणि चांदीचे साज आपण कौतुकाने पाहतो. साजाखालच्या जिवाची मात्र आपल्याला फारशी माहिती नसते.

ही माहिती करून घेण्याची एक वाट आपल्याच परंपरेत आहे. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. उपासकदशांगातील आनंद श्रावकाच्या कथेतही ते येतात आणि प्रतिक्रमणात आपण त्यांची आलोचना करतो. गाडीला बैल आणि स्वारीला घोडा असलेल्या समाजासाठी ही यादी अगदी व्यवहारातली होती. आज ती घोड्याच्या शरीरावर ठेवून वाचली, तर शास्त्रकारांनी एकेका शब्दात किती सूक्ष्म निरीक्षण साठवले आहे, हे ध्यानात येते.

बंध

घोडा हा मोकळ्या गवताळ प्रदेशातला, कळपाने राहणारा आणि हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. शिंगे नाहीत, नखे नाहीत. पळून जाणे हेच त्याचे मुख्य संरक्षण. त्याचे सारे शरीर या एका गरजेभोवती घडले आहे. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तो आपल्या भोवतीचा जवळजवळ सगळा प्रदेश पाहू शकतो. त्याला न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. म्हणून मागून अचानक आलेल्या माणसावर तो लाथ झाडतो. त्यात खोडसाळपणा नसून भीती असते. लहान मुलांना घोड्याच्या मागे उभे राहू देऊ नये, याचे कारण हेच.

त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. पुढे रोखलेले कान कुतूहल सांगतात, मानेला चिकटवलेले कान राग किंवा वेदना सांगतात, आणि सतत मागे-पुढे हलणारे कान तो गोंधळून गेला आहे, असे सांगतात. माणसाला ऐकू न येणारे काही उच्च स्वरही त्याला ऐकू येतात. पायांतील स्नायुबंधांच्या विशेष रचनेमुळे तो उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो. परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. सोबतीला दुसरा घोडा असला की दोघे एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी हळुवार खाजवतात. त्यांच्या मैत्रीची ती खूण.

आता अगाडी आणि पिछाडी आखूड बांधून, भिंतीकडे तोंड करून एकटा ठेवलेला घोडा डोळ्यांसमोर आणा. त्याला वळता येत नाही, आडवे होता येत नाही, सोबती नाही आणि पळण्याची वाटही नाही. दोर असणे हा दोष नव्हे. जिवाची स्वाभाविक हालचाल रोखणारा दोर म्हणजे बंध.

वध

या संदर्भात वध म्हणजे जीव घेणे नव्हे. काठी किंवा चाबकाने मारणे. घोड्याच्या अंगावर माशी बसली, तर तेवढीच कातडी थरथरते, हे सर्वांनी पाहिलेले असते. ज्याला माशीचा भार कळतो, त्याला टाचेचा हलका स्पर्शही पुरेसा असतो. उत्तम स्वार म्हणूनच घोड्याशी बोलतो तो बैठकीने, मांड्यांच्या दाबाने आणि लगामावरच्या हलक्या हाताने.

मराठेशाहीत स्वारांचे दोन वर्ग होते. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराची पत आणि पोट दोन्ही त्या जनावरावर अवलंबून असत, त्यामुळे खरारा, चंदी आणि नाल यांकडे दुर्लक्ष करणे त्याला परवडत नसे. दख्खनच्या डोंगराळ मुलखात काटक भीमथडी तट्टांनी जी दौड केली, तिच्यामागे या रोजच्या निगेचा मोठा वाटा होता. मारवाडी आणि काठेवाडी घोडे तर आपल्यापैकी अनेकांच्या मूळ प्रांतांतले. आत वळून टोके जुळवू पाहणाऱ्या कानांमुळे ते जगभर ओळखले जातात. या सर्व जाती माणसाच्या सहवासात घडल्या. त्यांचा विश्वास हीच आपल्या पूर्वजांची मिळकत होती.

भेदरलेला घोडा मार खाऊन शहाणा होत नाही. मागे चाबूक आणि पुढे फटाके असले की त्याला दोन्हीकडून संकटच दिसते.

छेद

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाचे कडियाळे नेमके तिथे बसते. या जागी हाडावर हिरडीचा पातळ थर तेवढा असतो, म्हणून बोटभर ओढदेखील घोड्याला स्पष्ट कळते. कुशल हातात हेच कडियाळे संवादाचे साधन होते. परंतु गर्दीत घोडा पटकन थांबावा म्हणून काही ठिकाणी कडियाळ्याला काटे किंवा टोके लावलेली असतात. ती जीभ, ओठ आणि हिरड्या फाडतात. 1965 सालच्या ओढकामाच्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी अशा काटेरी साधनांना मनाई केली आहे. तरीही वरातीच्या झगमगाटात घोड्याच्या तोंडात काय आहे, हे कोण पाहतो?

खोगीर नीट न बसल्याने पाठीवर पडणारी जखम हाही छेदच. नालबंदीचेही तसेच आहे. खुराचे बाहेरचे कवच आपल्या नखासारखे असते. तिथे ठोकलेला खिळा दुखत नाही. तोच खिळा थोडा आत गेला, तर घोडा लंगडतो.

अतिभारारोपण

घोड्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा समजतो, ते वस्तुतः त्याचे मनगट आहे आणि मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा ही त्याची टाच आहे. प्रत्येक पायाला एकच बोट, मधले, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. एवढे मोठे शरीर चार बोटांच्या टोकांवर धावते! त्याला गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय धडाशी केवळ स्नायूंनी जोडलेले असतात आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार त्यांवरच येतो.

म्हणून स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा अधिक भार नसावा, असा संकेत जाणकार पाळतात. उपरोक्त नियमांत ओझे वाहणाऱ्या तट्टासाठी 70 किलो ही मर्यादा आहे. शेरवानी, साफा आणि दागिन्यांसह धष्टपुष्ट नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात बसवलेला लहान भाचा यांची बेरीज वाचकांनीच करावी. भार केवळ वजनाचा नसतो. डांबरी रस्त्यावर तासन्‌तास पाऊल-पाऊल सरकणे, पुन्हा पुन्हा थांबणे, ढोलाच्या तालावर नाचणे, हाही भारच. त्याच नियमांप्रमाणे जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवता येत नाही. तापमान 37 अंशांवर असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत कामाला लावता येत नाही.

अन्नपाननिरोध

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. निसर्गात तो दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ थोडे थोडे चरत राहतो, कारण त्याच्या जठरात पाचक आम्ल सतत स्रवत असते. फार वेळ उपाशी ठेवून मग एकदम भरपूर चंदी दिली, तर त्याच्या पोटात जीवघेणी कळ उठू शकते. आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे चुकून पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्गही त्याला नसतो. घाम मात्र माणसासारखाच भरपूर येतो. दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी त्याला लागते. एका रात्री दोन-तीन वराती करणाऱ्या घोड्याला मधल्या वेळात पाणी कोण दाखवतो? उपवासाचे महत्त्व आपण जाणतो. पण उपवास स्वेच्छेचा असतो. लादलेला उपवास हा अतिचार आहे.

या विषयावर व्यापारी समाजाने आवर्जून वाचावी अशी एक कथा ज्ञाताधर्मकथेच्या सतराव्या अध्ययनात आहे. हस्तिशीर्ष नगरातील समुद्रव्यापारी वाट चुकून कालिक द्वीपावर पोहोचतात. तिथे सोन्या-रत्नांच्या खाणी आणि सुंदर घोडे असतात. परत आल्यावर राजा कनककेतूच्या आज्ञेने ते घोडे आणण्यासाठी पुन्हा जातात आणि मधुर वाद्ये, सुगंध, गोड पदार्थ, मऊ आस्तरणे ठिकठिकाणी मांडून ठेवतात. जे घोडे भुलतात ते पकडले जातात, त्यांच्या तोंडात लगाम आणि पाठीवर चाबूक येतो. जे दूर राहतात ते मुक्त राहतात. कथेचा बोध साधूंच्या इंद्रियजयासाठी आहे. तथापि घोड्यांच्या बंधनाचे दुःख कथाकाराला दिसले नसते, तर हा बोध उभाच राहिला नसता.

आणि विवाहाच्या मिरवणुकीचा विषय निघाल्यावर भगवान नेमिनाथांचे स्मरण होणे अटळ आहे. राजीमतीच्या दाराशी पोहोचलेली वरात कोंडलेल्या पशूंच्या आक्रोशामुळे परतली आणि गिरनारची वाट धरली गेली. ज्यांच्या परंपरेत असा वर होऊन गेला, त्यांच्या वरातीत जनावराच्या तोंडातून रक्त येऊ नये, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली शहरातील हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. पण प्रत्येक गोष्ट न्यायालयाने सांगावी, असे व्रती समाजाने का म्हणावे? घोड्याविना मिरवणूक काढणारी कुटुंबे आहेत. तो निर्णय सर्वांत सोपा आणि निर्दोष. ज्यांना विधीसाठी घोडा हवाच आहे, त्यांनी घोडेवाल्याशी बोलताना पाच प्रश्न विचारावेत. बांधण्याची जागा कशी आहे? चाबूक घरी राहील ना? कडियाळे साधे आहे का, आणि खोगीर उचलून पाठ पाहता येईल का? त्या दिवशी आधी किती वराती झाल्या? पाणी आणि वैरण केव्हा दिली? विधी पाच-दहा मिनिटांत आटोपून घोड्याला लगेच मोकळे करावे, फटाके आणि कर्णकर्कश वाद्ये त्याच्यापासून दूर ठेवावीत.

या अटींपोटी घोडेवाला अधिक भाडे मागेल. ते द्यावे. भाव फार पाडला की माल हलका येतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. इथे भाव पाडला की घोड्याच्या तोबऱ्यातील चंदी कमी होते. घोडेवाल्याचेही पोट त्याच जनावरावर आहे, आणि निगा राखणाऱ्याला चांगला मोबदला मिळतो हे दिसले, तर पुढच्या हंगामात तो साधे कडियाळे घेऊनच येईल.

क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. घोडा त्यावर उत्तर देऊ शकत नाही. त्याचे उत्तर त्याच्या कानांत, डोळ्यांत आणि ओठांच्या कडांवर असते. यंदाच्या लग्नसराईत ते वाचायला आपण शिकलो, तर संभवनाथांच्या आसनावरील अश्वाला वंदन करताना दृष्टी खाली वळवावी लागणार नाही.