व्यसनमुक्तीच्या वाटेवर – भाग ७ : पस्तीस दिवस, आतल्या बाजूने

गेल्या आठवड्यात आपण घरच्यांची बाजू पाहिली. ‘एकदाचं ॲडमिट केलं’ म्हणून बायको किंवा आई त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपते. त्याच रात्री तो मात्र एका अनोळखी वॉर्डात कॉटवर टक्क जागा असतो. आजचा भाग त्याच्याबद्दल.

सुरुवातीचे दिवस शरीराचे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, खोलीत नसलेल्या माणसाशी भांडण सुरू होतं, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. यात माणूस दगावू शकतो. म्हणूनच ‘मनावर घेतलं तर आजपासून बंद’ अशी घरच्या घरी घेतलेली शपथ जुन्या पिणाऱ्याच्या बाबतीत चक्क धोक्याची असते. डॉक्टर शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करत नेतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. ज्या केंद्रात हे पाहायला डॉक्टरच नाही, तिथे दारूच्या रुग्णाला पहिल्या आठवड्यात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्राऊन शुगरची, म्हणजे गर्दची गोष्ट वेगळी. तिच्या ‘टर्की’त, म्हणजे ती थांबल्यावर होणाऱ्या त्रासात सहसा जीव जात नाही, पण जीव गेला तर बरं असं वाटतं. नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखतं, जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे कळसाला जातं आणि आठवड्याभरात बरंचसं ओसरतं. पुढे कधी बोलायची वेळ आली की लोक औषधांची नावं सांगत नाहीत. उलटी होताना डोकं कुणी धरलं, ते सांगतात.

आणि डोकं धरणारा बऱ्याचदा स्वतःच त्यातून गेलेला असतो. पुण्यातल्या ‘मुक्तांगण’ची घडणच अशी आहे. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेल्या लेखमालेने महाराष्ट्र हादरला, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट या त्याचा कणा होत्या. रुग्ण त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणत. उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण तिथेच कार्यकर्ते झाले. नव्या रुग्णाला ‘तुला काय कळणार माझं’ असं म्हणायची सोयच उरली नाही. मुक्तांगणमधला मुक्काम पस्तीस दिवसांचा. आजच्या भागाचं नाव तिथूनच घेतलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात शरीर सावरतं. भूक लागते, चेहऱ्यावर थोडं तेज येतं. आणि नेमका इथे खरा झगडा सुरू होतो, कारण आता त्याला वाटतं आपण बरे झालो. भेटीच्या दिवशी बायकोपुढे सौदा मांडला जातो: ‘पोरांची शपथ, आता घेणार नाही. इथलं जेवण बघ, इथली माणसं बघ. मी काय यांच्यासारखा आहे का?’ बँकेत अधिकारी असलेल्याला शेजारच्या कॉटवरचा रिक्षावाला ‘खरा बेवडा’ वाटतो, रिक्षावाल्याला गर्दवाला. प्रत्येकाला आपल्याहून एक पायरी खालचा कुणीतरी हवाच असतो.

ही उतरंड मोडते ती ग्रुपमध्ये. रुग्णांच्या तोंडी हा शब्द मराठीच झाला आहे. तसाच ‘शेअरिंग’, तसाच ‘स्लिप’, म्हणजे सोडल्यावर पुन्हा घेणं. दहा-पंधरा जण गोल बसतात आणि एकेक जण बोलतो. समजा, कुणी सांगतो की पगाराच्या दिवशी उशीर झाला तेव्हा मित्राच्या आईला दवाखान्यात न्यावं लागल्याची थाप मारली होती. सगळे खो खो हसतात, कारण ती आई सगळ्यांनीच कधी ना कधी आजारी पाडलेली असते. मग पुढचा सांगतो की मुलीच्या गल्ल्यातले पैसे काढले, आणि तेव्हा कुणी हसत नाही. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते आपलं म्हणून ओळखू येतं. डॉक्टरांच्या तासाभराच्या समुपदेशनाने जे होत नाही, ते कधी कधी अशा पाच मिनिटांत होतं. मात्र हे सगळ्यांच्याच बाबतीत घडत नाही. काही जण पस्तीस दिवस हाताची घडी घालून बसतात आणि जसे आले तसे जातात.

आता दुसरी बाजू. सगळीच केंद्रं अशी नाहीत. रात्री जीप येते, चार दांडगे उतरतात, झोपेतल्या माणसाला उचलतात. पुढे मारहाण, बांधून ठेवणं, टक्कल करणं. ‘दोन रट्टे बसल्याशिवाय हे सुधारत नाहीत’ असं मानणाऱ्या नातेवाइकांची त्याला मूक संमती असते, हे कटू असलं तरी खरं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. त्यामुळे साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, सक्तीने केस कापता येत नाहीत, सक्तीने काम करून घेता येत नाही. ठरल्या वेळी फोन करण्याचा आणि भेट घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. स्वतःहून दाखल झालेला स्वतःहून बाहेर पडू शकतो. झाडलोट आणि स्वयंपाकातली मदत चांगल्या केंद्रांतही असते. शिस्त आणि आत्मविश्वास परत यायला तिचा उपयोग होतो. पण सगळे मिळून आपला वॉर्ड झाडणं वेगळं आणि संचालकाच्या घरची धुणीभांडी वेगळी.

स्त्रियांचा अनुभव आणखी एकाकी. बाईला उपचारांना आणणारेच कमी, मग भेटायला येणारे कुठून येणार? मुक्तांगणने २००९ मध्ये त्यांच्यासाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला, तो याच गरजेतून.

शेवटच्या आठवड्यात आत आनंदीआनंद असेल, अशी बाहेरच्यांची समजूत असते. आत मात्र भीती असते. इथे बारची पाटी दिसत नव्हती, पगार हातात येत नव्हता, कुणी टोमणे मारत नव्हतं. बाहेर हे सगळं जागच्या जागी आहे. गर्द घेणाऱ्यांसाठी यात एक जीवघेणा धोकाही असतो: काही आठवडे न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीच्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. डिस्चार्जच्या दिवशी हे रुग्णाला आणि घरच्यांना समोर बसवून सांगायलाच हवं.

हा सगळा अनुभव मुळात थोड्यांच्याच वाट्याला येतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या १८० जणांपैकी जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. बाकीचे घरीच किंवा रस्त्यावर.

डिस्चार्जनंतरचं पहिलं वर्ष आणि फॉलोअप हा पुढच्या आठवड्याचा विषय. दरम्यान तुम्ही कुणासाठी केंद्र शोधत असाल, तर ‘गॅरंटी आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या. गॅरंटी देणाऱ्याकडे तर जाऊच नका. नोंदणी दाखवा म्हणा. रात्री डॉक्टर असतो का, पहिला फोन कितव्या दिवशी करता येतो, वॉर्ड आतून पाहता येईल का, हे विचारा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे. जवळच्या केंद्राची चौकशी तिथेही करता येते.