कात्रज ते सिंहगड: पावसात शेगडी कोणती?

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या टेकड्या पावसाळ्यात धुक्यात आणि वाऱ्यात बुडालेल्या असतात. सरपण ओलं, म्हणून चहापुरती शेगडी पाठीवरच न्यावी लागते.

सोयीची शेगडी म्हणजे गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायचा बर्नर. त्याचं वजन साधारण १०० ग्रॅम. डबा घेताना आतला वायू पाहावा. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतं, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ अंशांना, प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्याहून थंडी वाढली की द्रवाची पुरेशी वाफ होत नाही आणि ज्योत विझते. पावसाळी सह्याद्रीत पारा इतका उतरत नाही, त्यामुळे ब्युटेन पुरतं. हिमालयात मात्र आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण हवं.

इथे खरा त्रास वाऱ्याचा. भांड्यावर झाकण ठेवा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा. पण डबा चहूबाजूंनी झाकू नका, तापून फुटू शकतो. स्पिरिटची शेगडी हलकी नि स्वस्त, मात्र वाऱ्यात मंद, आणि तिची ज्योत उजेडात दिसतही नाही. बर्नरची ठिणगी ओलाव्यात दगा देते, म्हणून काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. कितीही पाऊस असला तरी बंद तंबूत शेगडी पेटवू नका; आत साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.