व्यंगचिकित्सा : बाह्योपचारांचा तुलनात्मक विचार

लोकभाषेत ज्यास ‘वांग’ म्हणतात, त्या व्यंगाची गणना आचार्यांनी क्षुद्ररोगांत केली आहे. रोग क्षुद्र म्हटला तरी रुग्णाचे दुःख क्षुद्र नसते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत चिकित्सा करताना आम्हांस असे आढळते की, वांगाची रुग्णा वैद्याकडे येते तोवर दोन-तीन मलमे लावून झालेली असतात. कधी औषधाच्या दुकानातून घेतलेली, कधी पार्लरमधून, तर कधी शेजारणीने सुचविलेली. म्हणून आहारविहार विचारण्यापूर्वी आम्ही ‘तोंडाला काय लावता?’ हे विचारतो व ती ट्यूब आणावयास सांगतो.

हेतुविचार
क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाच्या ठायी येऊन वेदनारहित, पातळ, श्याव मंडल उत्पन्न करतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. आधुनिक शास्त्र ऊन, उष्णता, गर्भावस्था, गर्भनिरोधक गोळ्या व आनुवंशिकता ही कारणे मानते. लालबागेत मसाले भाजण्याच्या कढईपुढे उभ्या राहणाऱ्या किंवा दादरच्या बाजारात उन्हात भाजी विकणाऱ्या भगिनींना यातील दोन हेतू रोजच भेटतात. निदानपरिवर्जनावाचून कोणत्याही मलमाचे फळ टिकत नाही.

प्रचलित मलमे
हायड्रोक्विनोन (2 ते 4 टक्के) हे रंगद्रव्य घडविणाऱ्या टायरोसिनेज या विकरास अटकाव करते. मात्र दीर्घकाळ लावल्यास क्वचित निळसर काळे डाग (ओक्रोनोसिस) पडतात व ते मूळ वांगाहून दुःसाध्य असतात.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टिरॉइड यांचे त्रिसंयोगी मलम सर्वांत शीघ्र गुण देते. त्वचारोगतज्ज्ञ ते सुमारे आठ आठवड्यांच्या मर्यादेत योजतात. रुग्णा मात्र गुण आला म्हणून तीच ट्यूब महिनोन्‌महिने आणते. मग त्वचा पातळ होते, लाली, पुटकुळ्या व लव येते; मलम थांबविताच दाह होऊन वांग परततो. 2018 मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणून चिठ्ठीवाचून विक्रीस मनाई केली, ती यामुळेच.

ॲझेलिक आम्ल (20 टक्के) सावकाश गुण देते व प्रारंभी चुणचुणते. परंतु गर्भिणीसही ते तुलनेने निर्धोक आहे. कोजिक आम्लाने काहींना ॲलर्जी होते.

आपले लेप
वाग्भटाचार्यांनी व्यंगावर मधासह मंजिष्ठा किंवा अर्जुनत्वक् सांगितली आहे. यष्टिमधुतील ग्लॅब्रिडिन हे द्रव्य टायरोसिनेजला रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तथापि लेपांचा गुण महिन्यांच्या हिशेबाने येतो, हे रुग्णेस प्रथमच सांगावे; अन्यथा ती पुन्हा शीघ्र गुणाच्या ट्यूबकडे वळते. मुखदूषिका असताना तैलाभ्यंग टाळावा. कोणताही लेप प्रथम हातावर लावून पाहावा.

पाऱ्याचा धोका
पाराही टायरोसिनेजला रोखतो, म्हणून काही गोरेपणाच्या क्रीममध्ये तो घातला जातो. 2023 मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमनंतर मूत्रपिंडविकार जडल्याचे परळच्या केईएम रुग्णालयात उघड झाले. प्रसाधनांत अनवधानाने येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग आहे. त्या क्रीममधील प्रमाण तिच्या कितीतरी पट होते. पारद आपल्या रसशास्त्रातीलही द्रव्य असल्याने ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमचीही घटकसूची व तपासणी आपणच आधी मागितली पाहिजे.

कर्तव्य
दीर्घकाळ स्टिरॉइड लावणाऱ्या रुग्णेचे मलम एकाएकी तोडून त्यावर तीक्ष्ण लेप देऊ नये. त्वचारोगतज्ज्ञाच्या सहकार्याने ते उतरवावे. अज्ञात क्रीम लावणाऱ्या रुग्णेस पायांवर शोथ वा फेसाळ मूत्र असल्यास मूत्रातील प्रथिनांची तपासणी त्वरित करवावी. डाग किती लवकर गेला, याहून तो कशाने गेला, हे विचारणे वैद्याचे काम आहे, असे आम्ही मानतो.