देवांच्या पंगतीतील राहू

विजेत्याने मैदानाचा निरोप घेणे हा एरवी कृतज्ञतेचा प्रसंग. ज्याने आपल्याला वर्षानुवर्षे आनंद दिला, त्याला हार घालावा, चार गौरवाचे शब्द बोलावे आणि त्याचे उर्वरित आयुष्य सुखाचे जावो अशी इच्छा करावी, ही आपली रीत आहे. परंतु ज्याच्या यशाभोवती उत्तेजक द्रव्यांच्या संशयाचे धुके दाटलेले आहे असा विजेता निवृत्त होतो, तेव्हा हारासाठी पुढे झालेला हात मध्येच थबकतो. समाज दोन तटांत विभागला जातो. एक तट म्हणतो, हे सारे मत्सरी लोकांचे कुभांड आहे. दुसरा म्हणतो, आम्हांला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पहिल्याला पुरावा पाहायचा नसतो आणि दुसऱ्याला त्याची गरजच वाटत नाही. दोघांच्या या गलबल्यात सत्य बिचारे दाराबाहेर उभे राहते.

या विषयाचा विचार करताना अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्या प्रकरणापासून आरंभ करणे अपरिहार्य आहे. १९९६ साली या तरुणाला कर्करोगाने गाठले. रोग फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता. त्यातून तो वाचला आणि १९९९ साली त्याने टूर द फ्रान्स ही तीन आठवडे चालणारी, आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांच्या घाटांतून जाणारी, जगातील अत्यंत खडतर सायकल शर्यत जिंकली. पुढे सलग सात वर्षे ती त्याचीच होती. २४ जुलै २००५ रोजी पॅरिसमध्ये सातव्या विजयानंतर व्यासपीठावरून निरोप घेताना त्याने आपल्यावर संशय घेणाऱ्यांची कीव केली. ज्यांना चमत्कारांवर विश्वास ठेवता येत नाही त्यांच्याबद्दल वाईट वाटते, अशा आशयाचे त्याचे ते बोलणे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. महिना उलटतो न उलटतो तोच ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने वृत्त दिले की, त्याच्या १९९९ सालच्या गोठवून ठेवलेल्या मूत्रनमुन्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ईपीओ या द्रव्याचे अंश सापडले आहेत.

तेव्हाची लोकप्रतिक्रिया मुद्दाम आठवून पाहण्यासारखी आहे. त्याच्या देशबांधवांतील पुष्कळांना हा फ्रेंचांचा जळफळाट वाटला. कर्करोगाशी झुंजणाऱ्या लाखो रुग्णांच्या दृष्टीने तर तो सायकलपटू नव्हताच, मूर्तिमंत आशा होता. २००४ पासून त्याच्या संस्थेचा पिवळा रबरी कडा जगभर मनगटामनगटांवर झळकत होता. त्या रुग्णाला जाऊन ‘तुझा देव खोटा आहे’ असे कोणी सांगावे? आणि सांगितले तरी त्याने ते ऐकावे का? या माणसांच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु नेमकी हीच श्रद्धा त्याने ढालीसारखी वापरली, हेही विसरता येत नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेला मी शरीरात विष कशाला घालू, असा त्याचा सवाल असे, आणि तो ऐकून भले भले निरुत्तर होत.

तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये दुसऱ्यांदा निवृत्त झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्याच अकरा माजी सहकाऱ्यांसह सव्वीस जणांच्या साक्षींवर आधारलेला निर्णय प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली. जानेवारी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने स्वतःच सर्व कबूल केले. त्या सात वर्षांच्या विजेत्याचा रकाना आज कोरा आहे. ती पदे दुसऱ्या कोणालाही देण्यात आली नाहीत. त्याच्या मागोमाग येणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच चिखलात बुडालेले होते, यापेक्षा मोठा अभिप्राय त्या कालखंडावर दुसरा कोणता हवा?

आमच्या मते या प्रकरणाचा सर्वांत लज्जास्पद भाग त्या विजेत्याच्या शरीरात गेलेले द्रव्य हा नव्हे. सत्य सांगणाऱ्यांचे जे झाले, तो आहे. संघात मालिश करणाऱ्या एमा ओ’रायली या आयरिश स्त्रीने आपण पाहिलेले सांगितले, तर तिच्यावर दावे लावले गेले आणि तिच्या चारित्र्याविषयी हीन उद्गार काढले गेले. माजी सहकाऱ्याची पत्नी बेट्सी अँड्रू हिने रुग्णालयात ऐकलेले शपथेवर सांगितले, तर तिला द्वेषाने वेडी झालेली ठरवले गेले. तीनदा हीच शर्यत जिंकलेला ग्रेग लेमाँड याने शंका व्यक्त केली, तर त्यालाच जाहीरपणे नमते घ्यावे लागले. डेव्हिड वॉल्श या पत्रकाराच्या ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राला बदनामीच्या दाव्यात मोठी रक्कम मोजून तडजोड करावी लागली. आणि १९९९ च्याच शर्यतीत, उत्तेजकांविषयी उघडपणे लिहिणारा क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच सायकलपटू सहकाऱ्यांच्या बहिष्काराला कंटाळून शर्यत अर्धवट सोडून घरी गेला. त्याच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही.

समुद्रमंथनाची कथा आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? मार्दोळच्या म्हाळशेच्या रूपात ज्या मोहिनीची आपण पूजा करतो, तिने अमृत वाटावयास घेतले तेव्हा राहू देवांच्या पंगतीत वेष पालटून बसला. सूर्य आणि चंद्र यांनी त्याला ओळखले आणि खूण केली. राहूचे मस्तक धडावेगळे झाले खरे, परंतु अमृत तोवर कंठापर्यंत उतरले होते. म्हणून तो मेला नाही, आणि ज्यांनी त्याला उघडे पाडले त्या दोघांना तो आजतागायत ग्रासतो आहे, असे आपण मानतो. पंगतीत खोटा माणूस बसला हे सांगणाऱ्यालाच ग्रहण लागावे, हा जगाचा न्याय आपल्या पूर्वजांनी किती अचूक ओळखला होता! फरक इतकाच की, सूर्यचंद्रांचे ग्रहण काही घटकांत सुटते. मालिश करणाऱ्या त्या बाईचे ग्रहण सुटायला आठ वर्षे लागली.

हे सारे परदेशचे म्हणून आपण निःश्वास टाकावा, अशी स्थिती नाही. नरसिंग यादव हा मुंबईत दूध घालणाऱ्या कुटुंबातला मुलगा. त्याने सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाबरोबर रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. त्या जागेसाठी सुशील कुमारने चाचणी कुस्तीची मागणी केली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मागणी फेटाळली. त्यानंतर जुलै २०१६ मध्ये नरसिंगच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे द्रव्य सापडले. आपल्या अन्नात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. परंतु जागतिक संस्थेने अपील केले आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा दावा शक्य असला तरी संभवनीय नाही आणि त्याला ठोस पुराव्याचा आधार नाही, असा लवादाचा निष्कर्ष होता.

या संपूर्ण काळात आपण काय करीत होतो? तो आपला पठ्ठ्या म्हणून एका बाजूने निर्दोष होता आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच निश्चितपणे दोषी. प्रयोगशाळेचा अहवाल, द्रव्याचे प्रमाण, स्वयंपाकघरातील साक्षी यांचा विचार फार थोड्यांनी केला. सोनीपतच्या शिबिरातील स्वयंपाकघरात परका माणूस खरोखर जाऊ शकत होता काय, खेळाडूंच्या अन्नावर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न बंदीच्या बातमीबरोबर विरून गेले. चार वर्षांनी बंदीची मुदत संपली तेव्हा तो पुन्हा आखाड्यात उतरला. लोकांना त्याची आठवणही राहिलेली नव्हती. देव्हाऱ्यात बसवण्याची आणि विसर्जन करण्याची आपली घाई सारखीच आहे. मधल्या काळात मूर्ती कशाची घडवली आहे, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. उडुपी जिल्ह्यातील अश्विनी अक्कुंजी हिने २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी ती आणि तिच्या काही सहकारी धावपटू चाचणीत सापडल्या. परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते द्रव्य शरीरात गेले, असा त्यांचा बचाव होता. प्रशिक्षकाला काढण्यात आले, परंतु शिक्षेतून मुलींची सुटका झाली नाही. क्रीडा लवादाने एक वर्षाची बंदी दोन वर्षांवर नेली. कारण नियम स्पष्ट आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कोणाच्याही हातून आलेले असो. नियम कठोर आहे, आणि तो नसता तर प्रत्येकाने आपल्या आचाऱ्याकडे बोट दाखवले असते, हेही खरे. तथापि गोळी देणारा हात मोकळा राहतो आणि गोळी घेणारी मुलगी शिक्षा भोगते, हे शल्य त्यामुळे कमी होत नाही.

आजची स्थिती काय आहे? सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याची वार्ता पसरली आणि खेळाडू पांगले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. प्रसाधनगृहांत पडलेल्या सुया आणि सिरिंज यांची दृश्ये देशाने पाहिली. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या. आपण पाहुण्यांचे स्वागत केले, मैदाने सजवली, आणि नंतर समजले की त्या स्पर्धांतील वीसहून अधिक खेळाडू तपासणीत सापडले. जागतिक संस्थेच्या अहवालांत सापडणाऱ्यांच्या प्रमाणात भारत अलीकडे सातत्याने आघाडीवर आहे. ही आघाडी मिरवण्याची नव्हे.

याचे कारण केवळ नीतिभ्रष्टता असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. वस्तुतः राज्यस्तरावरील एक पदक म्हणजे शेतकऱ्याच्या किंवा रामपणकाराच्या मुलाला सरकारी नोकरीचा दरवाजा आहे. तो दरवाजा दहावीच्या गुणपत्रिकेने उघडत नाही, तो मांडीच्या बळाने उघडेल असे त्याला वाटते. व्यायामशाळेतील ‘सर’ एक डबा पुढे करतात, त्यावरील अक्षरे त्याला वाचता येत नाहीत आणि वाचली तरी उमगत नाहीत. बडोद्याला जुम्मादादा आणि प्राध्यापक माणिकराव यांच्या व्यायाममंदिराची थोर परंपरा आहे. तेथे घाम आणि दूध यांखेरीज तिसरे रसायन नव्हते. त्याच बडोद्याजवळ नंदेसरीची रासायनिक वसाहत आहे. अशा वसाहतीतला साधा कामगारही जाणतो की, रसायन स्वतः पुण्यवान वा पापी नसते. त्याचे प्रमाण, त्याचे ठिकाण आणि ते हाताळणाऱ्याचा हेतू यांवर सारे अवलंबून असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला जीवदान देणारे ईपीओ निरोगी सायकलपटूचे रक्त घट्ट करते आणि हृदयावर घाला घालू शकते. कारखान्यात कामगाराला धोक्याची पाटी दाखवणारा कायदा आहे. गल्लीतील व्यायामशाळेत सोळा वर्षांच्या मुलाला ती पाटी कोण दाखवणार?

२०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदा संमत केल्यामुळे राष्ट्रीय संस्थेला वैधानिक अधिष्ठान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु कायदा शिखरावरच्या खेळाडूला पकडतो, पायथ्याशी चाललेला व्यवहार पकडत नाही. तपासणी तालुका आणि जिल्हा पातळीवर पोहोचली पाहिजे. एखादा खेळाडू सापडला की त्याच्या प्रशिक्षकाची, वैद्याची आणि डबा पुरवणाऱ्या दुकानदाराची चौकशी आपोआप सुरू झाली पाहिजे. आतली बातमी सांगणाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे. निर्णय महिनोन्महिने न रेंगाळता लागले पाहिजेत, कारण लांबलेली चौकशी निर्दोषाला रोज थोडी थोडी शिक्षा देते आणि दोषीला निवृत्तीची पळवाट उपलब्ध करून देते.

आणि आपण, प्रेक्षकांनी, काय करावे? तपासणीत न सापडणे म्हणजे शुद्धता नव्हे, हे आर्मस्ट्राँगने शिकवले. शेकडो तपासण्यांतून आपण सुटलो, हीच तर त्याची ढाल होती. उलट संशय म्हणजे दोष नव्हे, हेही तितकेच खरे. संशयाच्या जोरावर घराघरांवर दगड पडू लागले तर उद्या कोणीही कोणाच्या ताटात काहीही टाकील. या दोन्ही वाक्यांना एकाच वेळी धरून राहणे अवघड आहे, परंतु प्रौढ समाजाची ओळख तीच. संशयाच्या छायेत निरोप घेणाऱ्या विजेत्याला दगड मारू नये, तसाच घाईने हारही घालू नये. आपले नमुने, आपल्या औषधांची नोंद आणि आपल्या वैद्याचे नाव खुले कर, एवढे शांतपणे त्याला विचारावे. निर्दोष माणसाला या प्रश्नाने अपमान वाटण्याचे कारण नाही.

गावोगावी सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात. आमची सूचना आहे की, यापुढे एखादी शाल चौथ्या क्रमांकाच्या मुलासाठी राखून ठेवावी. जो औषधाला नाही म्हणाला आणि हरला, त्याचे नाव आज कोठल्याही फलकावर नाही. पंगतीत खोटे बसलेल्यांना उठवणे तपासणी संस्थेचे काम आहे. पंगतीबाहेर उपाशी राहिलेल्या खऱ्याला पान वाढणे मात्र आपल्याच हाती आहे.