हिरव्या मखमलीची साक्ष

पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर, कौलांवर, झाडांच्या बुंध्यांवर हिरवीगार मखमल पसरलेली तुम्ही पाहिली असेल. आपण तिला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण ही मखमल म्हणजे पुष्कळदा मॉस नावाची चिमुकली वनस्पती असते. तिला ना फूल, ना फळ. पण याच चिमुरडीने अमेरिकेतल्या एका शहरावरचं संकट उघडकीला आणलं, बरं का!

आंब्याचं झाड पाणी आणि क्षार मुळांनी जमिनीतून घेतं. मॉसला मात्र खरी मुळंच नसतात. असतात ते केसांसारखे बारीक धागे, तेही मुख्यतः बुंध्याला धरून राहण्यापुरते. मग पोट कसं भरायचं? पावसाच्या पाण्यातून आणि हवेतल्या धुळीतून, थेट पानांवाटे! ही पानं बहुधा एकाच पेशीइतकी जाड असतात. आंब्याच्या पानावर असतो तसा मेणाचा जाड थरही त्यांच्यावर नसतो.

त्यामुळे हवेत जे असेल ते मॉसमध्ये जातं. कारखान्यांच्या आणि वाहनांच्या धुरातून शिसं, कॅडमियम, निकेल असे जड धातू हवेत मिसळतात. पाण्यात विरघळलेल्या या धातूंवर धन विद्युतभार असतो, तर मॉसच्या पेशीभित्तिकांवर ऋण भार असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. धातू तिथे चिकटून बसतात आणि हळूहळू साठत जातात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या ऑके र्‍यूलिंग आणि गेर्मुंड टायलर या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे हेरलं आणि मॉस तपासून हवेतल्या धातूंचा माग काढायची पद्धत रूढ केली.

आता त्या शहराची गोष्ट. ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड. हवा तपासणारी यंत्रं महाग, म्हणून शहरात ती मोजकीच होती. मॉस मात्र झाडाझाडावर, आणि तेही फुकट! अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जेफ्री डोनोव्हन आणि सारा जोव्हन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये शहरभरातून मॉसचे ३४६ नमुने गोळा केले. प्रयोगशाळेतून आलेले आकडे नकाशावर मांडले, तर कॅडमियमचे दोन मोठे ठिपके उठून दिसले. दोन्ही ठिकाणी रंगीत काच बनवणारे कारखाने होते. काचेला पिवळा, लाल रंग यावा म्हणून कॅडमियम वापरतात.

पण मॉस फक्त ‘इथे काहीतरी गडबड आहे’ एवढंच सांगतं. श्वासावाटे नेमकं किती विष आत जातं, ते यंत्रानेच मोजावं लागतं. म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये एका कारखान्याजवळ यंत्र बसवलं. तिथल्या हवेत कॅडमियम राज्याने ठरवलेल्या सुरक्षित पातळीच्या ४९ पट निघालं! फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी फुटली, तेव्हा पालक हादरले, कारण जवळच शाळा होती. जास्त काळ शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडांना इजा करतं आणि त्याने कॅन्सरही होऊ शकतो. कारखान्यांनी कॅडमियमचा वापर थांबवला आणि त्याच वर्षी रंगीत काचेच्या कारखान्यांसाठी राज्याने कडक नियम केले.

मॉस चांगली बातमीही देतं. युरोपात १९९० पासून दर पाच वर्षांनी अनेक देश मिळून मॉसची तपासणी करतात. पेट्रोलमधून शिसं काढून टाकल्यावर काय झालं? १९९० ते २०१० या काळात तिथल्या मॉसमधलं शिसं सुमारे तीन-चतुर्थांशाने घटलं. माणसांनी मनावर घेतलं तर हवा सुधारते, याचा हा पुरावाच!

येत्या पावसाळ्यात मॉसचा एक लहानसा झुपका वाळवून ठेवा. मग भिंगाखाली धरून त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि बघत राहा. आक्रसलेली पानं हळूच उलगडतील. मॉस पानांनी पाणी कसं पितं, ते तुम्हाला प्रत्यक्ष दिसेल. आणि हो, नंतर हात स्वच्छ धुवायला विसरू नका. त्या झुपक्यात काय काय साठलंय, कुणास ठाऊक!