बर्फाने राखलेली व्हिस्की

जुन्या माल्ट व्हिस्कीचा विषय निघाला की जाणकार धुराबद्दल बोलू लागतात. शंभर वर्षांपूर्वीची स्कॉच म्हणजे पीटचा, म्हणजे माल्ट सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीच्या धुराचा, भपकारा आणि घसा जाळणारा घोट, असा समज बरीच वर्षं होता. तो पडताळायचा तर त्या काळातली न बिघडलेली बाटली हवी, आणि घोडं अडतं ते तिथेच. व्हिस्की मुरते लाकडी पिंपात. एकदा बाटलीत भरली की तिचं बरं होत नाही, झालं तर वाईटच होतं. उजेडाने रंग उतरतो, बूच ठिसूळ होतं आणि त्याच्या फटींतून मद्यार्क उडून जातो.

अशी बाटली सापडली ती थेट अंटार्क्टिकात. रॉस बेटावर केप रॉइड्सला ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकल्टनने १९०८ साली उभारलेली लाकडी झोपडी अजून टिकून आहे. तिच्याखाली बर्फात रुतलेल्या पेट्या २००६ मध्ये दिसल्या. बर्फ फोडून त्या बाहेर काढायला २०१० उजाडलं. तीन पेट्या व्हिस्कीच्या, दोन ब्रँडीच्या. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या आपल्या 'निमरॉड' मोहिमेसाठी शॅकल्टनने मॅकिन्ले नावाच्या स्कॉचच्या २५ पेट्या मागवल्या होत्या. जानेवारी १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना तो मागे फिरला. माणसं जिवंत परतली, थोडी दारू मागे राहिली.

एक पेटी ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये सावकाश वितळवली. आत कागदात आणि पेंढ्यात गुंडाळलेल्या अकरा बाटल्या निघाल्या. व्हिस्की गोठलेली नव्हती, कारण तिच्यात मद्यार्क तब्बल ४७.३ टक्के होता. वर्षानुवर्षांचा अंधार आणि थंडी, व्हिस्कीला याहून चांगलं कोठार कुठलं?

२०११ मध्ये तीन बाटल्या स्कॉटलंडला गेल्या, त्याही विजय मल्ल्यांच्या खासगी विमानातून. मॅकिन्लेचं नाव तेव्हा ज्या व्हाइट अँड मॅके कंपनीकडे होतं, ती त्यांच्याच समूहाची. तिथे बूच न काढता त्यातून सुई घालून नमुना घेतला. मास्टर ब्लेंडर रिचर्ड पॅटरसन यांनी तो हुंगला, चाखला. रसायनज्ञांनी त्यातला घटक न् घटक तपासला.

निष्कर्षाने भल्याभल्यांना चकवलं. धूर होता, पण अगदी हलका. पुढे सफरचंद, नाशपती, अननस आणि मागून कॅरॅमलची गोडी. पीट ऑर्क्नी बेटांवरचं आणि पिंपं शेरीची, अमेरिकन ओकची, हेही रसायनांतून उमगलं. म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश ग्राहकाला नाजूक व्हिस्की आवडत होती आणि ती करणारे कारागीरही होते. धुराच्या दंतकथेपेक्षा हे मला जास्त रंजक वाटतं.

ती जिथे गाळली गेली तो इनव्हर्नेसचा ग्लेन मोर कारखाना १९८३ मध्ये बंद पडला आणि पुढे पाडला गेला. म्हणून पॅटरसननी उपलब्ध माल्ट जुळवून तिची प्रतिकृती केली आणि ती बाजारातही आली. चव कितीही जुळली, तरी ती एका कसलेल्या नाकाने काढलेली नक्कलच. अस्सल माल त्या तीन बाटल्यांतला. आणि त्या २०१३ मध्ये पुन्हा अंटार्क्टिकाला रवाना झाल्या, त्याच झोपडीखाली ठेवण्यासाठी.