मागे उभं असलेलं उपनगर

मुंबईचा फोटो म्हटलं की गेटवे, मरीन ड्राइव्हचा वळसा, सीएसएमटीचा घुमट, फार तर ससून डॉक आणि दादरचा फुलबाजार. रविवारी पहाटे बोरिवलीहून लोकल पकडून ‘फोटोवॉक’ला निघालेली हौशी मंडळी चर्चगेट येईपर्यंत कॅमेरा पिशवीबाहेर काढत नाहीत. वाटेत कांदिवली, मालाड, अंधेरी येऊन जातात. त्यात टिपण्यासारखं काय आहे, हा प्रश्नही कुणाला पडत नाही. राहतो तिथे फोटो काढायचे नसतात, फोटो काढायला कुठेतरी जायचं असतं, अशी आपली पक्की समजूत आहे.

ही समजूत आजची नाही. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार त्याच वातावरणात घडले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या सोसायटीत सक्रिय होते. म्हणजे डॉक्टरकी सांभाळून कॅमेरा चालवणाऱ्या मराठी माणसाची परंपरा पावणेदोनशे वर्षांकडे निघाली आहे. त्या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांचा ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ १८५६ ते १८५८ या काळात निघत होता. नावात ‘हौशी’ असूनही त्यातली बरीच माणसं म्हणजे नमुने: अमुक जात, तमुक धंदा, असा असा पोशाख. उभं करून काढलेली, नावं नसलेली. आपल्या शेजाऱ्याचा फोटो काढावा असं ते काढणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं असेलसं दिसत नाही.

उपनगरं तर तेव्हा चित्रातच नव्हती. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली १९२८ मध्ये. अंधेरी आणि घाटकोपर महानगरपालिकेच्या हद्दीत आली १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्यामुळे इथे राहायला आलेली पहिली पिढी फोर्टात जाताना ‘मुंबईला जातो’ म्हणायची, ते अगदीच चुकीचं नव्हतं. फोटोही मुंबईला जाऊनच काढायचा असे, बहुधा स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा लावून.

मग घराघरात कॅमेरा आला. बडोद्यात बनणारा ‘अग्फा क्लिक थ्री’ आजच्या साठीच्या लोकांना नक्की आठवेल. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल महाग, धुणं महाग, प्रिंट त्याहून महाग. बारा फोटो म्हणजे मुंज, बारसं, भावाची बदली आणि माथेरानची सहल एवढ्यांत वाटून घ्यायची चैन. नळावरची रांग किंवा गच्चीत वाळणारे पापड यांच्यावर रोल उधळणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढलं असतं.

तरीही उपनगर त्या फोटोंमध्ये शिरलंच, मागच्या दाराने. एखादा जुना अल्बम काढा, काळ्या पुठ्ठ्याचा, चार कोपऱ्यांत खाचा असलेला, मध्ये बटर पेपर घातलेला. मुलुंडच्या एखाद्या इमारतीपुढे तीन भावंडं उन्हामुळे डोळे बारीक करून उभी असतात. भावंडांकडे क्षणभर पाहू नका, मागे पाहा. आरे दूध केंद्राचा पत्र्याचा स्टॉल, लोखंडी क्रेटमधल्या काचेच्या बाटल्या. त्यापलीकडे चिखलाचा रस्ता, एक विहीर, आणि रस्ता संपतो तिथे शेत. डोंगर अगदी पायथ्यापर्यंत दिसतो, कारण मध्ये काहीच नाही. फोटो काढणाऱ्याने यातलं काहीही टिपायचं ठरवलं नव्हतं. पण आज त्या फोटोत पाहण्यासारखं जे उरलंय, ते हेच आहे. भावंडं पुढेही शंभर फोटोंत दिसली, विहीर पुन्हा कुठे दिसली नाही.

याहून मजेदार प्रकार म्हणजे ‘रोल संपवायला’ काढलेले फोटो. लग्न आटोपलं, दोन-तीन फोटो शिल्लक आहेत, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकणं म्हणजे पैसे वाया. मग कुणीतरी खिडकीतून खाली कॅमेरा रोखायचं, कुणी ओट्याशी उभ्या आईचा पाठमोरा फोटो काढायचं, कुणी मांजराचा. आई ओरडायची, ‘अरे, साडी तरी नीट करू दे!’ माझं स्पष्ट मत आहे की उपनगरी मराठी घरातलं उत्तम छायाचित्रण या उरलेल्या दोन-तीन चौकटींत आहे. तिथे कुणी पोज दिलेली नाही. भांड्यांची मांडणी, रॉकेलचा स्टोव्ह, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं आहे तसं.

मोबाइलने रोल संपण्याची कटकटच मिटवली. आता मुंज आणि मांजर यांच्यात भाव करावा लागत नाही. मग रोजच्या दृश्यांची भरभराट व्हायला हवी होती. फोटोंची संख्या वाढली खरी, पण नजर मात्र बऱ्याच जणांची स्पर्धेतली राहिली. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था मुंबईत १९३७ पासून आहे. तिने आणि तिच्यासारख्या क्लबांनी हौशी माणसाला तंत्र शिकवलं, अंधाऱ्या खोलीतली शिस्त शिकवली, हे ऋण मोठं आहे. पण सलोन स्पर्धांनी एक साचाही दिला: सुरकुतलेला म्हातारा, धुरातून येणारे किरण, डबक्यातली लाल छत्री. हा साचा अंधेरीतही बसतो आणि आग्र्यातही. म्हणूनच त्यातून अंधेरीबद्दल काही कळत नाही.

घाटकोपरजवळच्या असल्फ्याचं उदाहरण घ्या. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली आणि डोंगरावरची ती वस्ती रोज हजारो डोळ्यांसमोरून जाऊ लागली. २०१८ च्या सुरुवातीला ‘चल रंग दे’ उपक्रमात तिथल्या भिंती रंगल्या, आणि मोबाइलधारकांची रीघ लागली. मेट्रोतून काढलेला तो रंगीत डोंगर असंख्य फोनांत असेल, बहुतेक सगळ्यांत सारखाच. त्या भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसाने काढलेला फोटो मात्र मला अजून पाहायचा आहे. त्याच्या चौकटीत रंग कमी असतील, चढाच्या पायऱ्या आणि पाण्याचे पाइप जास्त.

उलट उदाहरण अंधेरीच्या गोखले पुलाचं. जुलै २०१८ मध्ये त्याचा भाग रुळांवर कोसळला, २०२२ च्या अखेरीस पूल बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याला टेकेचना. दोन्हींच्या उंचीत जवळपास माणूसभर अंतर! त्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढलेल्या फोटोंना ना रचना होती ना प्रकाश. पण त्यांत अर्थ ठासून भरलेला होता, आणि तो समजायला कॅप्शन लागत नव्हती. जुलै २०२४ मध्ये पूल जोडले गेले. ती फट आता फक्त फोटोंतच आहे.

बोरिवली ते मुलुंड यांच्या मधोमध जंगल आहे, त्यामुळे इथे ‘रोजचं’ म्हणजे बिबट्याही. नयन खानोलकर यांच्या आरे वसाहतीतल्या छायाचित्राला २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. वारली वस्तीतला बोळ, आणि त्यातून शांतपणे जाणारा बिबट्या. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले की ते बोळातल्या नेहमीच्या दिव्यांसारखे वाटावेत, आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये. मनासारखा फोटो मिळायला चार महिने गेले. खानोलकर हौशी नव्हेत, पण हौशी माणसाने शिकावं ते इथे. वाघरू दिसल्यावर ते मोठं करून दाखवायचा मोह कुणाला होत नाही? त्यांनी घरालाही तेवढीच जागा दिली.

जुहूच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाकून फिरणारी माणसं दिसली तर ती ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची असू शकतात. प्रदीप पाताडे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे काम सुरू केलं. खडकांच्या फटीतले खेकडे, समुद्रफुलं, गोगलगायी यांचे फोटो काढून जागा आणि तारखेसह नोंदवायचे. ज्या किनाऱ्यावर आपण भेळ खायला जातो, तिथे एवढं काही राहतं हे त्यातून कळलं. फोटो सुंदर आहे की नाही हा मुद्दा दुय्यम, तारीख महत्त्वाची.

आणि जंगल-समुद्र कशाला, आपली बॉक्स ग्रिलच पाहा ना. उपनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या खिडक्यांबाहेर काढलेले ते लोखंडी पिंजरे म्हणजे घराने भिंतीला शिवलेला खिसा. एकच ग्रिल वर्षभर टिपली तर एका घराचं पंचांग तयार होतं. चैत्रात कुरडया, मेमध्ये आंब्याची रिकामी पेटी, जूनमध्ये उलट्या टांगलेल्या छत्र्या, भाद्रपदात मखराचा थर्माकोल, दिवाळीला कंदील. मधल्या काळात सायकल जाते आणि तिच्या जागी वॉकर येतो. युरोपात योसेफ सुदेक या छायाचित्रकाराने प्राग शहरातल्या आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० पासून चौदा वर्षं टिपली, ती आज जगभर पाहिली जाते. आपल्याकडे खिडक्या कमी नाहीत. फक्त समोरच्याच्या खिडकीत भिंग रोखण्याआधी त्याला विचारावं. आपली स्वतःची ग्रिल आहे तोवर ती अडचण नाही.

‘आहे तोवर’ म्हणालो, कारण पुनर्विकास. घाटकोपरच्या पंतनगरपासून बोरिवलीपर्यंत चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, आणि नव्या टॉवरमध्ये अशी ग्रिल सहसा लावू देत नाहीत. नवं घर मोठं असेल, लिफ्ट असेल, गुडघ्यांना आराम पडेल. पुनर्विकासावर उसासे टाकायचं मला कारण दिसत नाही. पण जाणाऱ्या इमारतीच्या नकाशाची प्रत कुठेतरी सापडेल. जिन्याखाली कुणाची स्कूटर असे, मीटरबॉक्सवर कुणी गणपती चिकटवला होता, हे कुठल्याच फायलीत नसतं.

मोबाइलमधल्या हजारो फोटोंना नाव-गाव नसलं तर त्यांचं काय होतं, हे शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांच्या बाबतीत दिसलं. मुलं सांभाळण्याची नोकरी करता करता त्यांनी लाखाहून अधिक निगेटिव्ह जमवल्या. २००७ मध्ये त्यांच्या पेट्या लिलावात गेल्या आणि संशोधकांना कित्येक जागा अंदाजाने ओळखाव्या लागल्या. मायर यांना जगभर कीर्ती मिळाली, आपल्याला ती मिळण्याची शक्यता कमी. मुंबईतच अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला, त्यात कौटुंबिक फोटो घेतले जातात ते त्यामागच्या हकिकतीसह. हीच अट आपण स्वतःला घालून घ्यावी.

तेव्हा यंदा कंदील लावून झाला की फोन घेऊन एकदा जिना उतरा. मीटरबॉक्स, पाण्याची टाकी, नोटीस बोर्ड, वॉचमनची खुर्ची, समोरच्या काकू तयार असतील तर त्याही. त्यातले दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने इमारतीचं नाव, तारीख आणि माणसांची नावं लिहा. एक संच सोसायटीच्या कपाटात ठेवा, एक जवळच्या वाचनालयाला द्या. ज्यांच्या इमारतीला रिकामी करण्याची नोटीस आली आहे, त्यांनी हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरकावं.